१० मोसमांत ५ सामने चुकले, १२७ वेळा फाउल होऊन बाहेर बसला: व्हर्न मिकेल्सनला भरवशाचा म्हणायचं का?

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. आम्ही मिनिआपोलिसजवळ राहतो. मुलगी नववीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत खेळते. इथे शाळेच्या सामन्यात ५ फाउल झाले की खेळाडू बाहेर. या मोसमात ती चौथ्यांदा अशी बाहेर बसली आणि त्या रात्री जेवलीच नाही. "आई, आता माझ्यावर कुणी भरवसा ठेवणार नाही," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या सरांनी तिच्या वहीत एक नाव लिहून दिलं: व्हर्न मिकेल्सन. मग आम्ही मायलेकी वाचायला बसलो.

हा माणूस १९४९ ते १९५९ मिनिआपोलिस लेकर्सकडून खेळला. हो, आज लॉस एंजेलिसचे म्हणतात तेच लेकर्स. १९६० पर्यंत ते आमच्या गावचे होते. नाव तळ्यांवरून पडलंय, आणि तळी इथे आहेत! उंची ६ फूट ७ इंच, जागा फॉरवर्डची. लेकर्सचे ७०४ सामने झाले, त्यातले ६९९ हा खेळला. ४ विजेतेपदं (१९५०, ५२, ५३, ५४), ६ वेळा ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात), एकूण १०,०६३ गुण.

आणि याच माणसाच्या नावावर एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, एक विक्रम आजही आहे. सहा फाउल होऊन सामन्यातून बाहेर जाण्याचा. १२७ वेळा.

मला प्रश्न पडलाय तो असा. जो रोज हजर असतो पण दर पाच-सहा सामन्यांमागे एकदा शेवटपर्यंत टिकत नाही, त्याला भरवशाचा म्हणायचं का? मुलीला काय सांगू?

खारीबिस्किट
नाव पहिल्यांदा ऐकलं. वाचतोय.

आकडेमोड
माझं मत स्पष्ट आहे: नाही. भरवशाचा म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत मैदानावर असेल याची खात्री. १२७ ला ६९९ ने भागा, १८ टक्के येतात. विल्ट चेंबरलेन नियमित मोसमाचे १,०४५ सामने खेळला आणि एकदाही फाउल होऊन बाहेर गेला नाही. एकदाही!

भरवसाच बघायचा तर त्याच काळातला हॅरी गॅलटिन बघा, न्यूयॉर्क निक्सचा. १९४८ ते ५८ सलग ६८२ सामने, एकही चुकला नाही. टोपणनाव 'घोडा'. १९५३-५४ मध्ये रिबाउंडमध्ये (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यात) संपूर्ण लीगमध्ये पहिला, सामन्याला १५.३. उंची मिकेल्सनपेक्षा एक इंच कमी, आणि अनेकदा सेंटर म्हणून, म्हणजे बास्केटखालच्या उंच गड्याच्या जागी, खेळावं लागायचं.

सदूभाऊ सांगली
गॅलटिन थोरच, वाद नाही. पण निक्स १९५२ आणि ५३ ला अंतिम फेरीत हरले कुणाकडून? मिकेल्सनच्या लेकर्सकडून.

आकडेमोड
@सदूभाऊ, १९५२ चं नका काढू! पहिल्या सामन्यात निक्सच्या अल मॅग्वायरचा चेंडू बास्केटमधून गेला, सगळ्या प्रेक्षकांनी पाहिला, फक्त दोन्ही पंचांनी पाहिला नाही. दोन गुणांऐवजी दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे फेक, प्रत्येकी एक गुण) दिले, त्यातला एकच आत गेला. सामना बरोबरीत सुटला आणि जादा वेळेत लेकर्सनी ८३-७९ असा घेतला. पुढे मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. त्यात भर म्हणजे निक्सना स्वतःचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन मिळालं नाही, कारण तिथे सर्कस लागली होती. अंतिम फेरीचे घरचे सामने लष्कराच्या कवायतखान्यात खेळले बिचारे.

खारीबिस्किट
सर्कसमुळे फायनल हलवली?? आमच्या तालुक्याच्या मैदानावर यात्रेमुळे व्हॉलीबॉलची फायनल हलायची, तेव्हा आम्ही आयोजकांना किती बोललो होतो. त्यांची मनापासून क्षमा मागतो.

जुना फॉरवर्ड
तळ्याकाठी ताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी नागपूरचा. तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, त्यातली बरीचशी बास्केटबॉलच्या कोर्टावर गेली. जरा विस्ताराने लिहितो.

आधी तो काळ समजून घ्यायला हवा. १९५४ पर्यंत २४ सेकंदांचं घड्याळ नव्हतं. आघाडी मिळाली की संघ चेंडू आपसांत फिरवत बसायचा, बास्केटकडे बघायचाही नाही. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी लेकर्सना १९-१८ असं हरवलं. हा पूर्ण सामन्याचा स्कोअर आहे, एका क्वार्टरचा (पाव सामन्याचा) नव्हे. लेकर्सच्या १८ पैकी १५ एकट्या जॉर्ज मायकनचे, त्यांच्या सेंटरचे.

मग मागे असलेल्या संघाने करायचं काय? फाउल. समोरच्याला एक फ्री थ्रो द्यायचा आणि चेंडू मिळवून आपण दोन गुण करायचे. हा हिशेब होता, आडदांडपणा नव्हे. मार्च १९५३ मध्ये बोस्टन आणि सिरॅक्यूजचा प्लेऑफचा (बाद फेरीचा) सामना चार जादा डावांपर्यंत लांबला. त्यात बॉब कूझीने ५० गुण केले, आणि त्यातले ३० नुसते फ्री थ्रो होते. ३२ पैकी ३०. त्या दिवशी किती शिट्ट्या वाजल्या असतील!

शेवटी सिरॅक्यूजचे मालक डॅनी बियासोन यांनी गणित मांडलं. चांगल्या, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे फेकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. भागिले १२०, बरोबर २४. १९५४-५५ पासून हे घड्याळ आलं आणि त्याच मोसमात संघाच्या फाउलवरही मर्यादा आली. आदल्या मोसमात संघाची सरासरी ७९.५ गुण होती, ती ९३.१ झाली.

मिकेल्सनची अर्धी कारकीर्द घड्याळाच्या आधीची, अर्धी नंतरची. त्याच्या १२७ ची तुलना चेंबरलेनच्या शून्याशी करताना एवढं तरी लक्षात ठेवायला हवं. चेंबरलेन एनबीएत आला १९५९ ला, मिकेल्सन गेला त्या वर्षी.

आकडेमोड
सर, काळाचा मुद्दा मान्य. पण मिकेल्सनने लीगमध्ये सर्वाधिक फाउल केले ते १९५५, ५६, ५७ अशी सलग तीन वर्षं, म्हणजे घड्याळ आल्यानंतर. त्याचं काय?

जुना फॉरवर्ड
चांगला पकडलात. याचं उत्तर त्या संघात आहे. १९५४ ला मायकन निवृत्त झाला (नंतर अर्ध्या मोसमासाठी परतला, पण पूर्वीसारखा राहिला नव्हता). १९५५ ला जिम पोलार्ड गेला. १९५६ ला स्लेटर मार्टिन दुसरीकडे गेला. लेकर्सच्या या चार मुख्य खेळाडूंपैकी उरला एकटा मिकेल्सन. चार माणसांनी उचलायची तुळई एकाने उचलायची म्हटल्यावर हात कुठेतरी लागणारच. आणि त्याचा गुणांचा सर्वोत्तम मोसमही तोच आहे हे विसरू नका: १९५४-५५, सामन्याला १८.७.

रानजाई
बास्केटबॉल मला फारसं कळत नाही, पण एक विचारते. पॉवर फॉरवर्ड म्हणजे नक्की काय? आणि मिकेल्सन पहिला पॉवर फॉरवर्ड असं सगळीकडे का लिहिलेलं असतं?

जुना फॉरवर्ड
छान प्रश्न. मिकेल्सन मूळचा सेंटर. कॉलेजभर बास्केटकडे पाठ करून खेळला. लेकर्समध्ये आला तर सेंटरच्या जागी जॉर्ज मायकन उभा, ६ फूट १० इंच, त्या काळातला सर्वात मोठा खेळाडू. प्रशिक्षक जॉन कुंडला यांनी आधी दोघांनाही बास्केटखाली उभं करून पाहिलं. गर्दी झाली, जमेना. मग त्यांनी मिकेल्सनला बाहेर काढला आणि बास्केटकडे तोंड करून खेळायला सांगितलं.

ताई, हे किती अवघड आहे ते कोर्टावर उतरल्याशिवाय कळत नाही. पाठमोरं खेळणाऱ्याची पावलं वेगळी, हात वेगळे, नजर वेगळी. २१ व्या वर्षी सगळं पुन्हा शिकायचं. त्याने दोन्ही हातांनी डोक्यावरून फेकायचा शॉट घोटला, मायकनचा चुकलेला चेंडू गोळा करायचा, समोरच्या संघाचा धिप्पाड गडी अंगावर घ्यायचा, स्क्रीन लावायचे (आपल्या गड्याला वाट मिळावी म्हणून समोरच्याला आडवं उभं राहायचं). सेंटरचं अंग आणि फॉरवर्डची जागा. पुढे याच कामाला पॉवर फॉरवर्ड हे नाव पडलं.

मायकन किती भारी होता याची एक खूण सांगतो. त्याला आवरायला १९५१ ला बास्केटखालची लेन ६ फुटांवरून १२ फूट रुंद केली. त्याने मायकनला दूर जावं लागलं, आणि माझ्या मते तिथून मिकेल्सनचं काम दुप्पट झालं.

डावा कोपरा
सर, तुम्ही लिहिलंत आणि एकदम लख्ख दिसलं. मी कबड्डीवाला. रायगडच्या मातीत अठरा वर्षं डावा कोपरा धरला. चढाई करणाऱ्याची नावं पोस्टरवर येतात. पण कोपऱ्यातला गडी पायाला हात घालतो तेव्हा दोनच गोष्टी होतात, पकड तरी होते नाहीतर तो स्वतः बाद होतो. जो कोपरा सबंध सामन्यात एकदाही बाद झाला नाही, तो पकडीला गेलाच नाही असं आमचे वस्ताद म्हणायचे.

म्हणून आकडेमोड, १२७ हा आकडा मला दोष वाटत नाही. १२७ वेळा तो पकडीला गेला.

सदूभाऊ सांगली
वा डावा कोपरा, वा!

नीलाक्षी
मला मात्र आकडेमोड यांचं थोडं पटतं. पकडीला जाणं वेगळं आणि वेळ न बघता जाणं वेगळं. मी विद्यापीठाकडून खेळले आहे. आमच्या संघातली एक मैत्रीण पहिल्या क्वार्टरमध्येच तीन फाउल करून बसायची. मन मोठं होतं तिचं, पण पुढचा सगळा सामना आम्ही चौघी तिची भीती वागवत खेळायचो. ताईंच्या मुलीला "फाउल झाले तरी चालेल" असं सांगू नये. तिला हाताऐवजी पाय वापरायला शिकवावं.

तळ्याकाठी
सगळ्यांचे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवतेय. मराठी तिला पूर्ण वाचता येत नाही, समजतं. 'कोपरा' म्हणजे काय ते बाबांनी दिवाणखान्यात मॅट टाकून दाखवलं. फुलदाणी वाचली.

शनिवारी आम्ही सेंट पॉलला हॅमलिन विद्यापीठात जाऊन आलो. मिकेल्सन तिथलाच. तिथल्या जिमला त्याचे प्रशिक्षक जो हटन यांचं नाव आहे. १९४९ ला हॅमलिनने लहान कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा सेंटरला हाच होता. तिथे आणखी एक गोष्ट कळली. दोन कॉलेजांमधला पहिला बास्केटबॉल सामना हॅमलिनमध्येच झाला, ९ फेब्रुवारी १८९५ ला. मिनेसोटाच्या शेतकी शाळेने हॅमलिनला ९-३ असं हरवलं.

जुना फॉरवर्ड
आणि हॅमलिनला हा खेळ आणला रे केहनने, जो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला खुद्द जेम्स नाइस्मिथ यांच्या हाताखाली खेळला होता. नाइस्मिथ यांनी हा खेळ काढला डिसेंबर १८९१ मध्ये, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत. तिथूनच वायएमसीएच्या लोकांबरोबर तो भारतात आला. नागपूर काय, मुंबईचं नागपाडा काय, आपल्याकडचे कोर्ट त्याच झाडाच्या फांद्या आहेत. नागपाड्याने देशाला अब्बास मुंतसीरसारखा कर्णधार दिला, अर्जुन पुरस्कारविजेता. लहानपणी त्यांना खेळताना पाहिलेली माणसं अजून भेटतात आणि डोळे मोठे करून सांगतात.

खारीबिस्किट
अवांतर: नागपाड्याच्या बास्केटबॉलवर वेगळा धागा हवाच. सर, तुम्हीच काढा.

रानजाई
+१. आता मला मिकेल्सनच्या घरचं सांगा. एवढा मार खाणारा माणूस आला कुठून?

तळ्याकाठी
जन्म कॅलिफोर्नियातला, १९२८ चा, पण वाढला मिनेसोटातल्या आस्कोव्ह या छोट्या गावात. डॅनिश लोकांनी १९०६ च्या सुमारास वसवलेलं गाव, डेन्मार्कमधल्या आस्कोव्हचंच नाव दिलेलं. वडील तिथे लुथरन पंथाचे पाद्री. गावाची ओळख रुटाबागा, म्हणजे सलगमच्या भाऊबंदातला एक मोठा कंद. आम्ही इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी त्याची भाजी गोडा मसाला घालून केली होती. चांगली होते, करून बघा.

त्या काळी संघाला आपल्या परिसरातल्या कॉलेजचा खेळाडू हक्काने घेता यायचा. लेकर्सनी तसाच घेतला त्याला. म्हणजे गावाजवळच शिकला, गावाजवळच खेळला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला. २०१३ मध्ये मिनेसोटातच गेला.

सदूभाऊ सांगली
एक किस्सा राहून गेला. सिड हार्टमन म्हणून मिनिआपोलिसचे पत्रकार होते, लेकर्सच्या कारभारातही त्यांचा हात असायचा. ते सांगायचे की त्यांनी मिकेल्सनला बोस्टनला द्यायचा सौदा ठरवला होता. बदल्यात केंटकी विद्यापीठाचे तीन खेळाडू, जे त्या वेळी सैन्यात होते. हेतू काय, तर मिकेल्सन गेला की लेकर्स तळाला जातील आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक मिळून बिल रसेल घेता येईल! सौदा वरून नाकारला गेला. रसेल बोस्टनला गेला आणि पुढे ११ विजेतेपदं घेतली.

मला या किश्शात एवढंच दिसतं की संघ बुडवायचा असेल तर कुणाला काढावं लागेल, हे हार्टमनना अचूक ठाऊक होतं. भरवशाची याहून चांगली पावती कुठली?

आकडेमोड
सदूभाऊ, हा मुद्दा मात्र जोरदार आहे. मला विचार करायला लावलात.

पण मिकेल्सन असूनही लेकर्स तळाला गेलेच की. १९५७-५८ मध्ये १९ विजय, ५३ पराभव. त्यामुळेच पुढच्या निवडीत एल्जिन बेलर मिळाला.

जुना फॉरवर्ड
आणि त्या १९-५३ च्या मोसमात मिकेल्सन किती सामने खेळला माहीत आहे? ७२ पैकी ७२.

जिंकणाऱ्या संघात रोज हजर राहणं सोपं असतं. मी शाळेत पाहिलंय, संघ हरायला लागला की मुलांच्या पोटात दुखायला लागतं, मामाचं लग्न निघतं, चप्पल हरवते. ५३ पराभवांच्या वर्षी हा तिशीला टेकलेला, चार विजेतेपदं घेतलेला माणूस रोज बूट बांधून उभा राहिला. पुढच्या वर्षी बेलर आल्यावर पुन्हा ७२ पैकी ७२. संघ अंतिम फेरीत गेला, बोस्टनकडून ४-० हरला आणि मग मिकेल्सन थांबला.

नीलाक्षी
सर, हे वाचून गलबलून आलं.

डावा कोपरा
गॅलटिनशिवाय आणखी एक नाव घ्यायला हवं या धाग्यात: सिरॅक्यूजचा डॉल्फ शेज. उजवा हात मोडला तर प्लास्टर घालून खेळला, आणि त्या काळात डावा हात एवढा तयार केला की पुढे दोन्हीकडून धोकादायक झाला. फ्री थ्रोच्या सरावासाठी नेहमीच्या १८ इंची रिंगच्या आत लहान रिंग बसवायचा. ती पिढीच वेगळ्या लाकडाची.

आकडेमोड
शेज माझाही आवडता. १९५० आणि ५४ ला त्यालाही अंतिम फेरीत लेकर्सनीच अडवलं. ५५ ला जिंकला एकदाचा.

मूळ प्रश्नावर परत येतो. माझं पहिलं उत्तर 'नाही' होतं. आता बदलतोय. मी फक्त सामन्याची शेवटची दोन मिनिटं मोजत होतो. रिबाउंडसुद्धा एनबीएने १९५०-५१ पासून मोजायला घेतले, त्यामुळे त्याच्या पहिल्या, विजेतेपदाच्या वर्षी त्याने किती गोळा केले हे कागदावर नाहीच. स्क्रीन तर आजही धड कुणी मोजत नाही. आकड्यांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे लिहिणं भाग आहे.

सदूभाऊ सांगली
एकनाथ सोलकर आठवला. २७ कसोटी, ५३ झेल, तेही फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय. बेदी-प्रसन्ना-चंद्रा-वेंकटच्या विकेट मोजताना त्या झेलांखालचा माणूस किती जणांना आठवतो?

खारीबिस्किट
मिकेल्सनला हॉल ऑफ फेममध्ये (बास्केटबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत) घेतलं की नाही शेवटी?

तळ्याकाठी
घेतलं, १९९५ मध्ये. निवृत्तीनंतर ३६ वर्षांनी. आणि गंमत बघा, त्याच वर्षीच्या यादीत महान सेंटर करीम अब्दुल-जब्बार आहे, मिकेल्सनला सेंटरचा फॉरवर्ड करणारे कुंडला आहेत, आणि अर्ल स्ट्रॉमही आहेत. स्ट्रॉम म्हणजे पंच! मिकेल्सनच्या शेवटच्या दोन मोसमांत ते एनबीएत शिट्टी वाजवत होते. मुलगी हे वाचून इतकी हसली की पाणी सांडलं. म्हणाली, "आई, फाउल करणारा आणि फाउल देणारा एकाच दिवशी."

आता निकाल सांगते. काल सामना होता. उत्तरार्धात तिचा चौथा फाउल झाला, सरांनी तिला बाहेर काढलं नाही. शेवटचे तीन मिनिट खेळली. ९ रिबाउंड. आम्ही ४ गुणांनी हरलो. जेवली पोटभर, वर विचारलं की पुढच्या वेळी हात कुठे ठेवू.

नीलाक्षी
शाबास तिला! हात सरळ वर, कानाला लागून. खाली आला की शिट्टी वाजणार.

जुना फॉरवर्ड
नीलाक्षी बरोबर सांगतायत. त्याच्या आधी पाय. चेंडू फेकला गेला की आधी गडी शोधायचा, त्याच्या आणि बास्केटच्या मध्ये पाठ घालायची, गुडघे वाकवायचे, मग वर बघायचं. चेंडूकडे आधी बघितलं की उशीर होतो, आणि उशीर झाला की हात जातो. भिंतीला पाठ लावून रोज ५० वेळा बसायला सांगा, हात वर ठेवून. महिन्यात फरक दिसेल.

तळ्याकाठी
सर, सांगितलं. गॅरेजमध्ये भिंतीला लागून बसलीये, बत्तीसपर्यंत आलीये. बाहेर उणे १४ आहे, म्हणून गाडी अंगणात काढून तिला जागा करून दिली.